उजवी शेपूट

५ जानेवारी

समितीचं पत्र आलं. अखेर.

उंदराच्या मेंदूचे चार नकाशे आहेत. चार प्रयोगशाळांनी वेगवेगळ्या काळात काढलेले. मेंदूतल्या एकाच जागेला चौघांची चार नावं, आणि सीमारेषा कुणाच्या कुणाशी जुळतील तर शपथ. त्यामुळे एकाचा डेटा दुसऱ्याला वापरता येत नाही. एकाच घराचे चार पत्ते असले तर पोस्टमननं करावं काय? आता चारी नकाशे एकमेकांवर बसवून एक सामायिक नकाशा करायचा, म्हणजे कुणीही आपला डेटा आणून त्यात ठेवावा. चारांपैकी एक नकाशा पाया धरायचा आणि बाकीचे त्यावर जुळवायचे. पाया कुणाचा, ते जूनमध्ये ठरणार.

हेच मी पंधरा वर्षं घसा फोडून सांगत होते. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता लंबूनं सांगितल्यावर सगळ्यांना लगेच पटलं. लंबू समितीचा अध्यक्ष झालाय. कॉलेजात माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्याच आकृत्या उतरवून काढायचा. आजही त्याला बेडकाचं हृदय धड काढता येत नसणार.

ताईला पत्र वाचून दाखवलं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे राहते. तिच्या मते मी तिच्याकडे राहते. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे डोंगर पोखरून पुन्हा उंदीरच." हा विनोद ती सव्वीस वर्षं करतेय. मी सव्वीस वर्षं हसलेले नाही.

पाया माझाच नकाशा होणार. दुसऱ्या कुणाचा व्हायच्या लायकीचा आहे? ऑगस्टमध्ये मी निवृत्त होतेय. माणसाच्या मागे काहीतरी राहायला हवं. लोकांची मुलं राहतात, माझा नकाशा राहील.

१९ जानेवारी

पहिली बैठक. एका पेशीपुंजाला 'खालचा' म्हणायचं की 'पोटाकडचा', यावर अख्खी सकाळ गेली. उंदीर चार पायांवर उभा असतो, त्यामुळे दोन्हीचा अर्थ एकच. तरी जेवायच्या वेळेपर्यंत दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती.

नकाशे जुळवायला एक गणितवाला आणलाय. चाळिशीतला, टक्कल पडलेला, पोटानं नाजूक; डब्यातून सारखं काहीतरी कोरडं खात असतो. सगळं मिलिमीटरमध्ये बोलतो, म्हणून मी त्याचं नाव मिलिमीटर ठेवलं. जिवंत उंदीर त्यानं कधी हातात धरला नसेल. त्याला बाजूला घेऊन उजवी शेपूट समजावून सांगितली, म्हणजे उगाच घोळ नको.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही अंगांना, मोहरीएवढा एकेक पेशीपुंज आहे. डावा आणि उजवा अगदी जुळे भाऊ. फक्त उजवा पुढच्या बाजूला पाव मिलिमीटर जास्त लांब असतो. ते पाव मिलिमीटर म्हणजे उजवी शेपूट. ती पहिल्यांदा मी पाहिली, नाव मी दिलं. पाठ्यपुस्तकात आहे. माझ्या नकाशाच्या आधारानं पुढे चौदा प्रयोगशाळांना ती सापडली.

मिलिमीटरनं विचारलं, "कुणाला सापडली नाही, असं काही नोंदलेलं आहे का मॅडम?"

"ज्यांना पाहता येत नाही त्यांना सापडत नाही," मी म्हटलं.

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. शिकायची तयारी आहे माणसाची.

२ फेब्रुवारी

मिलिमीटरच्या त्या प्रश्नावरून शंका आठवली. बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे पीएच.डी. करत होती. दर दोन वाक्यांनी शंका काढायची, म्हणून हे नाव मीच पाडलं. मग सगळी प्रयोगशाळा तिला तेच म्हणायला लागली. हुशार नव्हती असं नाही. पण हट्टी. नऊ उंदरांचे मेंदू कापले आणि म्हणाली, शेपूट नाही. नवांपैकी एकातही नाही. मी म्हटलं, आधी पाहायला शीक. वर्षभर तिला पुन्हा पुन्हा मोजायला लावलं. दर वेळी तेच घेऊन यायची. शेवटी भर चर्चासत्रात मला बोलावं लागलं, की नजर तयार नसेल तर माणसानं दुसरं काहीतरी करावं. सगळ्यांसमोर रडली. सहा महिन्यांनी सोडून गेली. कुठल्या डेअरीत दूध तपासते असं कानावर आलं होतं.

कठोर वागले, मान्य. पण तिच्याच भल्यासाठी. अशा मुलींना कुणीतरी वेळेवर सांगावं लागतं.

१७ फेब्रुवारी

मिलिमीटरचा फोन. "मॅडम, तुमचे सात काप बसत नाहीत. एकशे एकतीस ते एकशे सदतीस."

म्हणे, मेंदू कापताना पातं दोन अंश तिरकं गेलंय, त्यामुळे प्रत्येक कापात उजवी बाजू डावीपेक्षा किंचित पुढची आहे. हे मला ठाऊक आहे. नकाशा काढताना तेवढी दुरुस्ती मीच केली होती. पण या सात कापांत म्हणे तिरकेपणा उलटा दिसतो. आधीचे एकशे तीस बरोबर, नंतरचे सगळे बरोबर, मधले सातच उलटे.

"मग म्हणणं काय तुमचं?"

"आरशात धरल्यासारखे फिरवले की चपखल बसतात. शून्य पूर्णांक शून्य दोन मिलिमीटरच्या आत."

"तुमच्या यंत्राला सांगा, जरा नीट बस म्हणावं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शेपूट नेमकी याच सात कापांत आहे. त्याच्या ते लक्षात आलेलं नसावं.

१९ फेब्रुवारी

भांडी आपटतेय म्हणून ताईनं हातातून पातेलं काढून घेतलं. म्हणाली, "भांड्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" मी म्हटलं, कालचं पोर मला माझा मेंदू शिकवतंय. ती म्हणाली, "चाळिशीचा आहे ना तो? आणि मेंदू उंदराचा आहे, तुझा नाही."

२४ फेब्रुवारी

आठवडाभर मूळ कापांच्या काचा ठेवलेल्या कपाटाकडे फिरकले नाही. आज उघडलं.

मेंदू कापण्याआधी त्याच्या डाव्या अंगात सुईनं एक बारीक भोक पाडतात. काप कागदाहून पातळ असतो. पाण्यात तरंगत असतो, तो कुंचल्यानं उचलून काचेवर घ्यायचा. घेताना उलटा पडला तर भोक उजवीकडे दिसतं आणि चूक कळते. एवढ्यासाठीच ते भोक. नकाशाच्या छापील फोटोंत ते दिसत नाही, कारण फोटो पानात बसावेत म्हणून कडा छाटल्या होत्या. छाटायला मीच सांगितलं होतं.

एकशे तीस, भोक डावीकडे.

एकशे एकतीस, उजवीकडे.

सदतीसपर्यंत उजवीकडे. अडतीसला पुन्हा डावीकडे.

चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मायक्रोस्कोपची गरजच नव्हती. खिडकीपाशी काच धरली तरी दिसत होतं.

२५ फेब्रुवारी

शेपूट नाही. कधीच नव्हती.

काप उलटे होते आणि त्यांच्यावर मी तिरकेपणाची दुरुस्ती केली, ती उलटी पडली. चूक मिटायची ती दुप्पट झाली. कागदावर हिशेब मांडला. पाव मिलिमीटर येतो.

आणि त्या चौदा प्रयोगशाळा? त्यांनी आपापले काप माझ्या नकाशावर बसवले आणि नकाशात जिथे 'शेपूट' लिहिलंय तिथल्या पेशी शेपटीच्या म्हणून मोजल्या. पेशी तिथे होत्याच, शेजारच्या भागाच्या. पाटी मी लावली, माल त्यांनी मोजला.

काप काचेवर घ्यायचं काम मामांचं. आमचे तंत्रज्ञ, सगळी प्रयोगशाळा त्यांना मामा म्हणायची. चार वर्षांपूर्वी वारले. एवढा माझा विश्वास त्यांच्यावर, डोळे मिटून. आणि त्यांनी असं करावं? भोक पाहायचं विसरले असतील. गप्पा मारत असतील. सव्वीस वर्षं मी ज्याच्यावर उभी आहे ते एका माणसाच्या गप्पांत गेलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये, पण लिहिते.

३ मार्च

कामाचं जुनं रजिस्टर सापडलं. तारखा लावून पाहिल्या. ते काप घेतले त्या आठवड्यात मामा रजेवर होते. मुलीचं लग्न. त्यांच्या ओळीत तिरकी रेघ आहे आणि खाली अक्षर माझं. काचांवरच्या चिठ्ठ्याही माझ्या. एकशे एकतीसचा 'एक' असा मोठ्या पोटाचा फक्त मीच काढते.

परिषद तोंडावर होती. मी म्हटलं असेन, मामांवाचून अडतं की काय.

मागच्या नोंदीतली मामांबद्दलची ओळ खोडायला पेन उचललं. मग तशीच ठेवली. लिहिलं होतं हे खरं आहे.

१२ मार्च

लंबूला सांगितलं. त्याच्या केबिनचं दार लावून. त्यानं सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलून बसला. त्याला धक्का बसलेला दिसला नाही.

"तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. पण तुझ्या त्या विद्यार्थिनीचा लेख बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे तपासायला आला होता. चोख होता. नऊ मेंदू, सगळे मोजून-मापून."

"मग?"

"मग काय? तुझ्याशी कोण भांडणार? परत पाठवून दिला."

म्हणजे तेव्हा माझा तेवढा दरारा होता. घरी येईपर्यंत मला हे बरंच वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

मग त्यानं तोडगा काढला. नव्या नकाशात ते सात काप सरळ करायचे, शेपूट काढून टाकायची, आणि शेवटी बारीक अक्षरात एक टीप: 'तंत्रज्ञाकडून मांडणीत झालेली चूक दुरुस्त केली आहे.' म्हणाला, "मामा आता कुठे वाचायला येतायत? तुझा नकाशा पायाला राहील, तू सन्मानानं निवृत्त होशील. कुणाचं काय जातंय?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यानं त्याचा अर्थ हो असा घेतला आणि चहा मागवला. चहा मी प्यायले.

१३ मार्च

ताईला सांगितलं. सगळं नाही, टिपेपर्यंत. चहाचं गाळलं. ती बराच वेळ टेबलावरचा कपडा सरळ करत राहिली. मग म्हणाली, "मामा गेले तेव्हा तू त्यांच्या बायकोला काय म्हणालीस, आठवतं? माझा हात गेला, म्हणालीस. मी होते शेजारी."

"मग?"

"मग काही नाही. गेलेल्या हातावर खापर फोडता येतं, बरं असतं."

दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिनंही मनवलं नाही.

३० मार्च

शंकाच्या प्रबंधाचा कच्चा मसुदा मिळाला, कपाटाच्या तळाशी. प्रत्येक पानावर माझी लाल शाई. एके ठिकाणी तिनं लिहिलंय: 'मूळ काचा प्रत्यक्ष पाहिल्यास या फरकाचा उलगडा होऊ शकेल.' समासात माझं अक्षर: 'तुझ्या काचा पाहा.'

तिला भेटायचं ठरवलं. तिच्या मनावर इतकी वर्षं ओझं असेल, की आपली नजर कच्ची. ते उतरवलं पाहिजे. मी स्वतः गेले तर तिला बरं वाटेल. सोबत माझ्या नकाशाची एक प्रत नेते, सही करून. तिच्याकडे नसेल.

६ एप्रिल

डेअरी शहराबाहेर आहे. फाटकापाशी नाव लिहायला लावलं, पायात प्लास्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या. दूध तपासायची खोली मोठी, लख्ख, थंड. टँकर आला की नमुना येतो, ती तपासते, सही करते, मगच टँकर आत घेतात. तिची सही नसेल तर अख्खा टँकर परत जातो. दोन टँकरचालक तिच्यापुढे हात बांधून उभे होते. केस पिकलेत तिचे. मला पाहून उठली नाही. हातात नमुना होता, त्यामुळे असेल.

"या मॅडम. बसा. हे एवढं संपवते."

नकाशा पुढे केला. "तिथे ठेवा," म्हणाली. तिथे म्हणजे रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यावर. उघडून पाहिला नाही. भारावली असावी.

मी सुरुवात केली. म्हटलं, तुझं बरोबर होतं. शेपूट नाही. सात काप उलटे लागले होते.

तिनं नळीवर नंबर टाकला. मला वाटलं होतं रडेल. मी रुमाल तयार ठेवला होता.

मग तिनं विचारलं, "उलटे कसे लागले?"

"तंत्रज्ञाकडून मांडणीत चूक झाली."

"मामांकडून?" ती हसली. छान हसू नव्हतं ते. "मॅडम, काप उचलायला मला मामांनी शिकवलं. आधी भोक बघ, मग श्वास घे, मग उचल, असं म्हणायचे. रोज म्हणायचे."

टँकरचालक आमच्याकडे पाहत होते.

"माझ्याकडून," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली आणि नळीत काहीतरी थेंब थेंब टाकत राहिली. "मूळ काचांच्या कपाटाची किल्ली मी तीनदा मागितली होती तुमच्याकडे."

"मला आठवत नाही गं."

"नसेलच. मला आठवतं."

मी म्हटलं, तुझ्या मनात इतकी वर्षं जे राहिलं असेल ते आता काढून टाक. त्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "माझं बरोबर आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. त्याचं ओझं नव्हतं. कळलं आज तुम्हाला. मला कशाला बरं वाटेल?"

मी रुमाल पर्समध्ये ठेवला आणि उठले.

निघताना तिनंच हाक मारली. "एक करा. नवा नकाशा होतोय ना, सगळ्यांचा डेटा एकत्र ठेवायला? माझे नऊ मेंदू त्यात बसवा. माझ्या नावानं. काचा सगळ्या तुमच्याच शीतगृहात ठेवून आले होते, खोक्यांवर नंबर घालून. माफीबिफी नको. तेवढं करा."

किती साधी मागणी! परतीच्या वाटेवर मला फार हलकं वाटलं. आज कित्येक आठवड्यांनी भूक लागली.

१० एप्रिल

शीतगृहात खोकी नाहीत.

शेजारच्या खोल्यांतही नाहीत. नव्या तंत्रज्ञ पोरानं तळघर पाहिलं, जिन्याखालची जागा पाहिली. मग भांडारातून निकाली काढलेल्या सामानाची फाइल आणून दिली. सहा वर्षांपूर्वी नवा मोठा फ्रीज आला तेव्हा जागा केली होती. यादीतली सतरावी ओळ: 'जुन्या विद्यार्थ्यांच्या काचा, नऊ खोकी, निरुपयोगी.' खाली माझी सही. शिक्का सरळ मारलेला आहे.

मला हे आठवत नाही. खरंच आठवत नाही. रोज दहा कागदांवर सह्या करत होते मी.

११ एप्रिल

तिच्याकडे डेटा असेल, मोजलेले आकडे तरी? फोन केला.

सांगितलं. पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता.

"नऊही?" तिनं विचारलं.

"नऊही. तुझ्याकडे आकड्यांची एखादी प्रत..."

"आकडे प्रयोगशाळेच्या संगणकावर होते. जाताना सगळं तिथेच ठेवून जायचं, हा तुमचाच नियम होता."

तो संगणक कधीच भंगारात गेला. कच्च्या मसुद्यात तिच्या मापांची तीन-चार पानं आहेत, पण त्यातले निम्मे आकडे माझ्या लाल शाईखाली वाचता येत नाहीत.

"काहीतरी मार्ग काढू आपण," मी म्हटलं.

"बरं मॅडम. टँकर आलाय." फोन ठेवला.

२० एप्रिल

समितीला पत्र लिहिलं. सात काप मी उलटे लावले, मामा त्या आठवड्यात रजेवर होते, विद्यार्थिनीनं बारा वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं, मी तिला गप्प केलं. तीन वेळा लिहिलं. पहिल्या दोन मसुद्यांत 'परिस्थितीमुळे' हा शब्द होता. ताईनं वाचून तो काढायला लावला. "परिस्थिती कोण, तुझी मावशी?" म्हणाली.

बाईंनी पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, जित्याची खोड आहे. पण पत्र सुधारलं.

२२ एप्रिल

लंबू फोनवर ओरडला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "तुला हुतात्मा व्हायचंय तर हो, आम्हाला कशाला खेचतेस?" 'आम्हाला' म्हणजे त्याला. तो लेख त्यानंच परत पाठवला होता ना.

५ मे

चौदांपैकी तिघांचे फोन आले. एकानं आभार मानले. एक जण म्हणाला, "आमच्याकडे शेपूट खरोखरच दिसते, तुमची चूक असली तरी." तिसरीनं विचारलं, माझ्या विद्यार्थ्याचा अख्खा प्रबंध तुमच्या शेपटीवर आहे, त्याला आता काय सांगू? मी म्हटलं, खरं सांगा. ती म्हणाली, "तुम्हाला बरं आहे हो, तुम्ही ऑगस्टमध्ये सुटताय."

१४ जून

ठरलं. पाया दुसऱ्या प्रयोगशाळेचा. त्यांचा नकाशा माझ्याहून ओबडधोबड आहे, रेषा हात थरथरल्यासारख्या. पण त्यांच्या काचांवर भोक कुठे आहे ते प्रत्येक फोटोत दिसतं. माझा नकाशा 'संदर्भापुरता' राहील.

बैठकीत टीप वाचली गेली: 'मांडणीतील त्रुटीमुळे.' मी उठले. म्हटलं, त्रुटीमुळे नाही, माझ्यामुळे. लंबू म्हणाला, शास्त्रीय भाषेत व्यक्तीचा उल्लेख नसतो. मत घेतलं. चाराविरुद्ध सात मतांनी 'त्रुटी' राहिली. निदान 'तंत्रज्ञ' हा शब्द निघाला.

चहाच्या वेळी दोघातिघांनी येऊन पाठ थोपटली. केवढं धैर्य, वगैरे. मला आवडलं. ताईला सांगितलं तर म्हणाली, "शंकानं थोपटली का?"

२ जुलै

शंकाला दोन पत्रं पाठवली. जून संपता संपता एक, आज एक. पहिल्याचं उत्तर नाही. नव्या नकाशाची बातमी, माझं बैठकीतलं बोलणं, सगळं सविस्तर लिहिलं होतं. एवढं कोण करतं?

१९ ऑगस्ट

आज केबिन रिकामी केली. परवा शेवटचा दिवस.

जायच्या आधी मिलिमीटरकडे गेले. सामायिक नकाशाचं भांडार आता खुलं झालंय. चाळीस प्रयोगशाळांनी आपापला डेटा आणून ठेवलाय, एकमेकांच्या शेजारी, एकाच मापात. त्यानं पडद्यावर दाखवलं. बोट ठेवाल त्या जागी कुणाकुणाचं काय आहे ते उघडतं. मी ज्याची पंधरा वर्षं वाट पाहिली ते हेच. सुंदर झालंय. वाईट वाटावं इतकं सुंदर.

म्हटलं, शंकाच्या नऊ मेंदूंची नोंद करायची आहे. डेटा नाही, पण नोंद तरी. त्यानं नकार दिला नाही. खुर्ची सरकवून मला बसायला दिलं. मी तिचं खरं नाव लिहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिहीत असेन, एक अक्षर चुकलं, मसुद्यावरून पाहून दुरुस्त केलं. नमुने: नऊ. साल लिहिलं. डेटा: उपलब्ध नाही.

त्यावर एक रकाना उघडला, 'उपलब्ध नसण्याचं कारण'. त्यातले पर्याय ठरलेले आहेत, हवं ते लिहिता येत नाही. नमुना खराब झाला. नमुना संपला. हरवला. इतर.

"टाकून दिला, असं नाही?" मी विचारलं.

"नाही मॅडम. असं कुणी सुचवलंच नाही. 'इतर' घ्या, खाली एक ओळ लिहिता येते."

मी लिहिलं: 'काचा मी टाकून दिल्या. तिचा निष्कर्ष बरोबर होता.'

नोंद परत आली. लाल चौकट. डेटा जोडल्याशिवाय निष्कर्षाबद्दल विधान करता येत नाही.

मिलिमीटरनं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "नियम आहे," म्हणाला. "नाहीतर कुणीही उठून काहीही लिहील." त्याचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

नियम बरोबरच आहे. मला त्यात चूक काढता आली नाही, आणि मी खूप वेळ शोधली.

दुसरं वाक्य खोडलं. नोंद स्वीकारली गेली.